दप्तराचे ओझे आणि मुलांची पाठ : पार्श्वभूमी

दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडल्या की दप्तराच्या वजनाचा विषय निघतो आणि महिनाभरात मागे पडतो. या विषयाच्या मुळाशी वाढत्या वयातील शरीराच्या ठेवणीचा प्रश्न आहे. पाठीवर ताकदीबाहेर ओझे आले की मूल तोल सावरण्यासाठी कमरेतून पुढे झुकते, समोरचे दिसावे म्हणून मान वर उचलते, आणि मानेचे व खांद्यांचे स्नायू सतत ताणलेले राहतात. छातीवर पट्टे आवळले गेल्याने श्वासही पुरता भरत नाही. पोक काढून तासन्‌तास बसणाऱ्या मुलाचेही थोडेफार असेच होते. ओझे आणि बैठक हे एकाच प्रश्नाचे दोन भाग असताना शासकीय कागदांत बहुतेक जागा पहिल्याच भागाने व्यापली आहे.

१९०६ पर्यंत एकच जिल्हा असलेल्या खानदेशात, आणि त्यानंतरही अनेक दशके, खेड्यातल्या शाळेचे सामान म्हणजे पाटी, पेन्सिल आणि खांद्याला अडकवलेली कापडी पिशवी एवढेच असे. मुले बस्करपट्टीवर मांडी घालून बसत. एका खांद्यावरची पिशवी शरीर एका बाजूला झुकवते खरी, पण तिच्यात फारसे काही नसे. विषय वाढले, विषयागणिक वह्या आल्या, वह्यांबरोबर गाइडे आली, शाळा सुटल्यावरचे क्लास आले आणि दोन पट्ट्यांचे दप्तर रूढ झाले.

देशपातळीवर या विषयाला १९९३ मध्ये एका समितीच्या अहवालाने तोंड फोडले. दप्तराच्या वजनापेक्षा न समजणाऱ्या अभ्यासाचे ओझे अधिक घातक आहे, हे त्या अहवालाचे म्हणणे होते. पुढे लक्षात राहिले ते वजनच. २००६ मध्ये दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत मर्यादित करणारे खासगी विधेयक राज्यसभेत मांडले गेले. ते संमत झाले नाही, तरी ‘२००६ चा कायदा’ म्हणून त्याचा दाखला आजही बातम्यांतून आणि पालकसभांतून दिला जातो. महाराष्ट्रात उच्च न्यायालयातील जनहित याचिकेच्या पार्श्वभूमीवर २१ जुलै २०१५ रोजी शासन निर्णय निघाला आणि १० टक्क्यांची मर्यादा शाळांना लागू झाली. २०१८ मध्ये केंद्राने पहिली-दुसरीसाठी दीड किलोपासून दहावीसाठी पाच किलोपर्यंत इयत्तावार आकडे ठरवले. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणाने पुन्हा १० टक्क्यांचा आधार घेतला, पूर्वप्राथमिक वर्गांना दप्तरच नको असे सांगितले आणि दोन्ही खांद्यांवर रुंद पट्टे असावेत, अशीही सूचना केली.

यानंतरचा राज्याचा सर्वांत वादग्रस्त निर्णय ८ मार्च २०२३ चा. त्यानुसार २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून दुसरी ते आठवीची पाठ्यपुस्तके चार भागांत विभागण्यात आली आणि पाठांच्या शेवटी नोंदींसाठी कोरी पाने जोडण्यात आली. एका वेळी एकच भाग शाळेत न्यायचा आणि त्यातच लिहायचे, म्हणजे वेगळी वही लागणार नाही, असा हिशेब होता. कागदावर तो चुकीचा नव्हता. दोनशे पानांची मोठी वही साधारण तीन-साडेतीनशे ग्रॅम भरते. अशा पाच वह्या घरी राहिल्या तर दीड किलोहून अधिक भार उतरतो, आणि २८ किलो वजनाच्या पाचवीतल्या मुलाला सगळे मिळून २.८ किलोच नेता येतात.

प्रत्यक्षात कोरी पाने पुरली नाहीत. शुद्धलेखन, गणिताचा सराव, प्रश्नोत्तरे हे सगळे त्या पानांत मावणे शक्य नव्हते. शिक्षक वही मागत राहिले, पालक ती घेऊन देत राहिले, आणि जाड झालेल्या पुस्तकाच्या जोडीला वहीही दप्तरात राहिली. २८ जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने २०२५-२६ पासून कोरी पाने बंद झाली. ती जाणे योग्यच होते. मात्र दोन वर्षांच्या या प्रयोगावरची चर्चा कागदाचा खर्च आणि पानांचा वापर यांच्याभोवतीच फिरली. पुस्तकाचे भाग पाडणे आणि त्यात पाने घालणे या दोन वेगळ्या कल्पना होत्या. पहिलीने ओझे खरोखर घटते, दुसरीने वाढते, आणि दोन्ही एकाच निर्णयात बांधल्यामुळे पहिलीचे मोल स्वतंत्रपणे मोजलेच गेले नाही. ज्या पाठीसाठी हे सगळे केले, तिचा उल्लेख त्या चर्चेत क्वचितच आला.

१० टक्क्यांचा आकडा वैद्यकशास्त्राने सिद्ध केलेली सीमारेषा असल्यासारखा वापरला जातो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६९ अभ्यासांच्या एका आढाव्यात मात्र दप्तराचे वजन किंवा ते नेण्याची पद्धत यांमुळे मुलांत पाठदुखीचा धोका वाढतो, याला खात्रीलायक पुरावा आढळला नाही. याचा अर्थ ओझे निरुपद्रवी आहे असा काढणे घाईचे ठरेल, कारण जड दप्तराने चाल आणि मानेची ठेवण बदलते हे मोजून दिसलेले आहे. पण मणका वाकडा होण्याचे खापर सरसकट दप्तरावर फोडणे बरोबर नाही, आणि दीर्घकाळ न हलता बसणे, मैदानावरचा खेळ कमी होणे, मोबाइलवर खाली घातलेली मान यांच्याकडे तितक्याच गांभीर्याने पाहणे भाग आहे.

खानदेशात या आकड्यांची आणखी एक अडचण होते. रावेर-भुसावळकडे जूनच्या मध्यावरही ऊन सहज चाळिशीला टेकलेले असते, आणि एक लिटर पाण्याची भरलेली बाटली एक किलोहून जड असते. पाचवीच्या मुलाच्या मर्यादेतला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग ती एकटीच खाते. शाळेत पिण्याचे स्वच्छ पाणी मिळावे म्हणजे बाटली न्यावी लागणार नाही, असे २०२० चे धोरण सांगते. ज्या गावांत उन्हाळ्याअखेर टँकर फिरतात, तिथल्या पालकांना हा भरवसा कोण देणार, हा साधा प्रश्न आहे. पोषण आहारामुळे जिल्हा परिषद शाळेतल्या मुलाचा डबा तरी वाचतो. खासगी शाळेतून थेट क्लासला जाणाऱ्याच्या दप्तरात डबाही असतो आणि क्लासच्या वह्याही.

बाकाचा विषय तर अजून कोपऱ्यातच आहे. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांत सकाळी पाचवीचे मूल ज्या बाकावर पाय लोंबकळत बसते, त्याच बाकावर दुपारी दहावीचा मुलगा गुडघे दुमडून आणि पाठ वाकवून वहीवर ओणवा होतो. दप्तर पाठीवर फार तर अर्धा-पाऊण तास असते; बाकावर मात्र रोजचे पाच-सहा तास जातात. दप्तर कमी करण्याचे उपाय मुख्याध्यापकांच्या हातात थोडेफार आहेत, वेळापत्रक बदलणे, वह्या वर्गातल्या कपाटात ठेवणे, एका दिवशी मोजकेच विषय घेणे. बाकाची उंची इयत्तेप्रमाणे बदलायची तर खरेदीच वेगळी करावी लागते.