तुटलेल्या ट्रसला पट्टी मारली की काम संपते का?

"लोखंडी ट्रसच्या, म्हणजे छत पेलणाऱ्या सांगाड्याच्या, तडकलेल्या दांड्यावर पट्टी वेल्ड केली की छत पहिल्यासारखे भक्कम होते, आणि इंजिनिअरची जबाबदारी तेवढ्या सांध्यापुरतीच," असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. जाडी वाढलेली दिसते, म्हणून ते पटतेही.

पण छताचे वजन तसेच ठेवून पट्टी लावली, तर आधीचा ताण जुन्याच लोखंडात राहतो. पट्टी फक्त नंतर येणाऱ्या भारातला वाटा उचलते. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने पोलाद तेवढ्या वेळापुरते मऊ पडते. ताणाखालच्या दांड्यावर आडवा वेल्ड मारताना तो तिथेच तुटू शकतो, आणि ही सर्वांत घातक चूक. म्हणून आधी ट्रसच्या सांध्यांखाली टेकू आणि जॅक लावून भार काढायचा. टेकूखालचा स्लॅब तो पेलेल का, हेही पाहायचे.

पडताळायचे असेल तर खालच्या दांड्याच्या दोन टोकांत दोरी घट्ट ताणा, दोरीपासून दांड्याचा मधला झोल मोजा आणि शेजारच्या ट्रसशी ताडून पाहा. एक दांडा गेला की त्याचा भार पर्लिनमधून, म्हणजे ट्रसवर आडव्या टाकलेल्या छताच्या दांड्यांमधून, शेजारी सरकतो. तिथले बोल्ट आणि सांध्यात दांडे जोडणाऱ्या गसेट प्लेटही तपासायला हव्यात.

इंजिनिअरचा खरा धोका इथे आहे. ट्रस का तुटला हे न शोधता सही केली, तर पुढच्या पडझडीचा जाब त्यालाच विचारला जातो. काय तपासले, काय पाहता आले नाही, टेकू केव्हा काढायचे, हे त्याने कामाआधीच लेखी द्यावे.