हॅम रेडिओच्या सर्किट आकृतीतील चिन्हे

हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या सर्किट आकृतीत प्रत्येक सुटा भाग ठरलेल्या चिन्हाने दाखवतात. चिन्हावरून भागाचे काम कळते. त्याचा आकार किंवा पायांचा क्रम कळत नाही.

रेझिस्टर (विजेचा प्रवाह अडवणारा भाग) अमेरिकी आकृतीत नागमोडी रेघेने, तर युरोपीय आकृतीत आयताने दाखवतात. त्याशेजारी लिहिलेले ४के७ म्हणजे ४.७ किलोओहम (ओहम हे रोधाचे माप), झेरॉक्समध्ये दशांश टिंब पुसले जाते, म्हणून त्या जागी अक्षर घालतात. दोन समांतर रेघा म्हणजे कपॅसिटर, विद्युतभार साठवणारा भाग. अधिक चिन्ह असेल तर तो इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे धन आणि ऋण टोके ठरलेला. एक रेघ वाकडी असल्यास तिकडची बाजू ऋण. हा उलटा जोडला की तापतो, कधी फुटतोही. तिरका बाण आरपार गेला असेल तर कपॅसिटर फिरवून बदलता येणारा.

तारा जिथे जोडलेल्या असतात तिथे ठिपका असतो. ठिपका नसलेली फुली म्हणजे तारा नुसत्या एकमेकींवरून गेल्या. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांजवळचा ठिपका मात्र वेगळा: तो गुंडाळीचे सुरुवातीचे टोक दाखवतो. डायोड मिक्सरमध्ये (दोन सिग्नल मिसळणाऱ्या सर्किटमध्ये) एकच गुंडाळी उलटी जोडली तरी समतोल बिघडतो आणि ऑसिलेटरचा (लहरी निर्माण करणाऱ्या सर्किटचा) सिग्नल पुढे झिरपतो.

वेटोळ्यांशेजारी रेघ नसेल तर कॉइल हवेच्या गाभ्याची. हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटएक्स ट्रान्सीव्हरमध्ये (प्रक्षेपण आणि ग्रहण दोन्ही करणाऱ्या संचात) कॉइल नळाच्या साध्या वॉशरवर गुंडाळल्या होत्या. त्याऐवजी टी५०-२ टोरॉइड (लोहभुकटीचा कड्यासारखा गाभा) घेतला तर वेढे नव्याने मोजावे लागतात. त्यावर २० वेढ्यांना साधारण २ मायक्रोहेन्री (हेन्री हे कॉइलच्या प्रेरकत्वाचे माप) मिळतात.

ट्रान्झिस्टरला कलेक्टर, बेस आणि एमिटर असे तीन पाय असतात आणि चिन्हात बाण एमिटरवर असतो: बाहेर निघाला तर एनपीएन प्रकार, आत शिरला तर पीएनपी. हाच नियम मॉसफेटला (वेगळ्या जातीच्या ट्रान्झिस्टरला) लावला की घोटाळा होतो, कारण एन-चॅनलच्या चिन्हात मधला बाण आत वळलेला असतो. बीसी५४७ आणि २एन३९०४ हे दोन्ही ट्रान्झिस्टर एनपीएन, चिन्ह एकच. पण सपाट बाजू समोर आणि पाय खाली धरले तर पहिल्याचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर आणि दुसऱ्याचे नेमके उलटे. म्हणून सोल्डर करण्याआधी डेटाशीट (उत्पादकाचे माहितीपत्रक) उघडावी. आयआरएफ५१० या मॉसफेटची धातूची पाठ आतून ड्रेनला (त्याच्या एका पायाला) जोडलेली असते, हेही आकृतीत दिसत नाही. अभ्रकाची चकती आणि स्क्रूला इन्सुलेटिंग बुश न घालता तो अर्थिंग केलेल्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) आवळला, तर १२ व्होल्टचा पुरवठा थेट शॉर्ट होतो.