वाफवलेला अक्रोड: पार्श्वभूमी

अमेरिकेतून येणाऱ्या काळ्या अक्रोडाची, म्हणजे बाजारात ज्याला 'अमेरिकन वॉलनट' म्हणतात त्याची, फळी बहुतेक वेळा वाफवलेली असते. कपाट, टेबल किंवा पलंगासाठी हे लाकूड घेणारा जाडी बघतो, गाठी बघतो, भाव करतो. वाफेचा प्रश्न क्वचितच निघतो. खरे तर फर्निचर दहा वर्षांनी कसे दिसेल, यातला बराचसा भाग तिथेच ठरून गेलेला असतो.

युरोपातला जुना इतिहास थोडक्यात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये अक्रोडाची फॅशन आली. तो अक्रोड आपण खातो त्याच जातीचा, आणि बरेचसे काम ओक किंवा पाइनच्या सांगाड्यावर चिकटवलेल्या व्हिनियरचे, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याचे. १७०९ च्या भीषण हिवाळ्यात युरोपातली असंख्य झाडे गोठून मेली. १७२० मध्ये फ्रान्सने अक्रोडाची निर्यात बंद केली आणि १७२१ मध्ये ब्रिटनने वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठवली. त्याचा फायदा व्हर्जिनियाच्या काळ्या अक्रोडालाही मिळाला, पण बाजी मारली महॉगनीने.

काळ्या अक्रोडाचे घर म्हणजे अमेरिकेचा पूर्व आणि मध्य भाग: ओहायो, इंडियाना, मिसुरी, आयोवा. एकोणिसाव्या शतकात तिथे हे घरोघरचे लाकूड होते, आणि बंदुकीच्या दस्त्याचेही. ते धक्का सोसते, हातात जड होत नाही आणि एकदा वाळले की फारसे वाकत नाही. यादवी युद्धातल्या बंदुका, पहिल्या महायुद्धातल्या रायफली, विमानांचे काही पंखे, दुसऱ्या महायुद्धातल्या रायफली, सगळीकडे अक्रोड गेला. १९१८ मध्ये तर उभी झाडे शोधून देण्याचे आवाहन सरकारने जनतेला केले आणि बालवीरांची पथके त्या कामाला लागली. शेताच्या बांधावरची, अंगणातली मोठी झाडे अशीच संपली.

मोठ्या खोडात गडद गाभा भरपूर निघतो आणि भोवतीचे पांढरे लाकूड प्रमाणात कमी असते. बारीक, तरुण झाडात हेच प्रमाण बिघडते. गाभा चॉकलेटी आणि पांढरा भाग जवळजवळ दुधाच्या सायीसारखा, असे दोन रंग एकाच फळीत येतात. पूर्वीचा सुतार पांढरा भाग कापून टाकत असे. बारीक ओंडक्यांवर चालणाऱ्या गिरणीला ते परवडणारे नव्हते, म्हणून पांढरा भाग गडद करायला वाफ.

पद्धत साधी आहे. नुकत्याच कापलेल्या ओल्या फळ्यांची थप्पी बंद खोलीत रचतात आणि आत वाफ सोडतात. तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या आसपास, मुदत साधारण एक ते चार दिवस. लाकूड ओले असेल तरच हे साधते, वाळलेल्या फळीवर वाफेचा असा परिणाम होत नाही. बाहेर येते तेव्हा पांढरा भाग करडा-तपकिरी झालेला असतो. किडीची अंडी मरतात, हाही फायदा आहे आणि तो लहान नाही, कारण अक्रोडाच्या पांढऱ्या भागाला भुंगा लागतो.

गाभ्याला मात्र याची किंमत मोजावी लागते. न वाफवता, उघड्या हवेत सावकाश वाळवलेल्या फळीवर रंधा फिरवला की जांभळट, तांबूस, मधूनच शेवाळी छटेच्या रेघा दिसतात, आणि एकाच ओंडक्याच्या दोन फळ्याही सारख्या नसतात. वाफेनंतर हे रंग एका तपकिरीत मिसळून जातात. गिरणीवाल्यांचे म्हणणे असे की ग्राहकाला एकसारखा रंग हवा असतो आणि निम्मे झाड फेकून देणे हाच मोठा अपव्यय आहे. कारागिरांचे म्हणणे असे की या लाकडात जे सर्वात सुंदर तेच आधी घालवले जाते, आणि एवढे करूनही पांढरा भाग गाभ्याशी पूर्ण जुळत नाहीच, पॉलिशच्या वेळी वरून रंग लावावा लागतोच. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. कारखान्याला एकाच छटेचे दोनशे दरवाजे करायचे असतील तर वाफ समजते. एका घरासाठी एक कपाट करायचे असेल तर नाही.

या वादाला प्रतवारीच्या नियमांनी कायमचे वळण दिले. अमेरिकन नियमांत सर्वात वरच्या प्रतीच्या फळीचा सुमारे ८३ टक्के भाग निर्दोष निघावा लागतो. अक्रोडात पांढरा भाग हा दोष धरलाच जात नाही, त्याला मर्यादा नाही. शिवाय इतर जातींपेक्षा अरुंद आणि आखूड फळ्या वरच्या प्रतीत बसतात. परिणामी पहिल्या प्रतीची म्हणून विकत घेतलेली फळी अर्धी पांढरी असू शकते आणि तरीही ती नियमाने बरोबर असते. ही सवलत आणि वाफ एकमेकींना धरून आहेत. म्हणून खरेदीच्या वेळी प्रतीबरोबर गाभ्याचे प्रमाण वेगळे बोलून घ्यावे लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर पेनसिल्व्हेनियातल्या एका जपानी वंशाच्या अमेरिकन कारागिराने उलटी वाट धरली. ओंडक्याची नैसर्गिक कड, पांढरा भाग, भेगा, सगळे तसेच ठेवून त्याने मेजे केली, आणि भेग पसरू नये म्हणून तिच्यावर फुलपाखराच्या आकाराचे लाकडी तुकडे बसवले. हाच माणूस १९३० च्या दशकात पुदुच्चेरीच्या आश्रमातल्या वसतिगृहाच्या बांधकामावर होता आणि १९६० च्या दशकात अहमदाबादला फर्निचरच्या कामासाठी येऊन गेला. आज 'लाइव्ह एज' म्हणून महागड्या टेबलांत जो पांढरा पट्टा कौतुकाने राखला जातो, त्याच्यामागे हे काम आहे. जे लपवायला वाफ आली, त्याचेच आता वेगळे पैसे मोजले जातात.

काश्मीरचा अक्रोड हा वेगळा विषय. जात युरोपातलीच, काम मुख्यतः कोरीव, आणि मुळाजवळच्या गडद लाकडाला सर्वाधिक मान. तिथे फळ्या वर्षानुवर्षे हवेतच मुरवतात, आणि झाड तोडायला सरकारी परवानगी लागते. फर्निचरसाठी लांब-रुंद फळ्या मुबलक मिळतील असा तो पुरवठा नाही.

अलीकडच्या काळात काळजी रोगाची होती. एक बारीक भुंगा आणि त्याच्याबरोबर येणारी बुरशी यांनी अमेरिकेच्या पश्चिम भागात लावलेले काळे अक्रोड मारले. २०१० मध्ये टेनेसीत, म्हणजे झाडाच्या मूळ प्रदेशात, हा रोग सापडला तेव्हा ओंडक्यांच्या वाहतुकीवर निर्बंध आले. मूळ प्रदेशात भीती वाटली तेवढी हानी झाली नाही आणि काही राज्यांनी निर्बंध मागे घेतले.

महाराष्ट्रात हे लाकूड जास्त करून प्लायवर चढवलेल्या अर्ध्या मिलिमीटरच्या व्हिनियरच्या रूपात येते. सनमायकावरचे 'वॉलनट' म्हणजे निव्वळ छापील रंग. 'आफ्रिकन वॉलनट' हे अक्रोडाच्या कुळातले झाडच नाही, आणि 'ईस्ट इंडियन वॉलनट' या नावाने परदेशात विकला जातो तो आपला शिरीष. भरीव फळी घेताना हिशेब सांभाळावा: तिकडचे माप बोर्ड फूट, आणि १२ बोर्ड फूट म्हणजे एक घनफूट. सागवानाच्या भावाशी तुलना करताना गोंधळ होतो तो इथेच.

कामात दोन गोष्टींवर लक्ष हवे. ओलाव्यात लोखंडाचा स्पर्श झाला की अक्रोडावर निळे-काळे डाग उमटतात, म्हणून स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस. दुसरी गोष्ट प्रकाशाची. सूर्यप्रकाशात हे लाकूड गडद होत नाही, उलट उजळत सोनेरी तपकिरीकडे जाते. वरून लावलेला रंग आणि खालचे लाकूड वेगवेगळ्या गतीने बदलत असल्याने लपवलेला पांढरा पट्टा काही वर्षांनी पुन्हा डोके वर काढू शकतो. वाफवलेली आणि न वाफवलेली फळी तर एकाच कपाटात कधीच मिसळू नये. पॉलिशखाली पहिल्या दिवशी ती खपून जाते, पण खिडकीसमोरच्या दाराची फळी पुढे शेजारच्या फळीपासून वेगळी पडते.