कायदा हातात घेणारे नायक: सूडपटांची पार्श्वभूमी

साध्यासुध्या मध्यमवर्गीयाने पिस्तूल उचलायचं, हा साचा पक्का केला १९७४ च्या ‘डेथ विश’ने. ब्रायन गारफिल्डची मूळ कादंबरी १९७२ ची. तिच्यातला कायदा हातात घेण्याविरुद्धचा इशारा पडद्यावर समर्थन होऊन आला, ही लेखकाची तक्रार होती. उत्तरादाखल त्याने १९७५ मध्ये ‘डेथ सेंटेन्स’ लिहिली. चित्रपट नीट पाहिला तर लक्षात येतं, की नायक पॉल कर्सीला बायकोचे मारेकरी शेवटपर्यंत सापडतच नाहीत. तो गोळ्या घालतो त्या दुसऱ्याच लुटारूंना. पहिल्या खुनानंतर घरी येऊन तो ओकतो, आणि तेवढा प्रसंग आजही अंगावर येतो. पुढे १९८२ ते १९९४ दरम्यान आणखी चार भाग निघाले. त्यांत तो ओकणारा माणूस हरवला, हत्यारं तेवढी मोठी होत गेली.

आपल्याकडची घडण वेगळी आहे, कारण इथे राग कोर्टावर होता. देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं. १९७९ मध्ये या निकालाविरुद्ध चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. बलात्काऱ्याला कोर्ट सोडतं आणि शेवटी पीडिताच त्याला मारते, अशी गोष्ट सांगणारा बी. आर. चोप्रांचा ‘इन्साफ का तराजू’ १९८० चा. आराखडा अमेरिकन ‘लिपस्टिक’चा (१९७६), पण पोहोचला तो या पेटलेल्या हवेत. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतल्या बलात्कारात संमती नव्हती असं गृहीत धरण्याची तरतूद आणली. पीडितेचं चारित्र्य उकरून काढायची मुभा देणारं कलम पुराव्याच्या कायद्यातून गेलं ते थेट २००३ मध्ये. त्यामुळे चोप्रांच्या चित्रपटातली पीडितेची उलटतपासणी आज त्या काळच्या कायद्याचा दस्तऐवज म्हणून पाहावी. अत्याचाराचं चित्रण मात्र तेव्हाही रेंगाळणारं होतं, आणि चित्रपट सर्वांत जास्त शिळा झाला आहे तो तिथेच.

‘अर्ध सत्य’ (१९८३) या सगळ्यांत उजवा, आणि त्याचं कारण पटकथेच्या रचनेत आहे. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्र्यांची कविता. नायक फौजदार अनंत वेलणकरचा हात पहिल्यांदा जीवघेणा पडतो तो भलत्याच माणसावर: कोठडीत एक भुरटा चोर त्याच्या मारहाणीने मरतो. निलंबन टाळायला तो ज्याला आत टाकायचं त्याच गुंड रामा शेट्टीच्या दारात जातो. तिथे तो शेट्टीचा गळा आवळतो तेव्हा आपल्याला मोकळेपणाने टाळी वाजवता येत नाही. मेलेला चोर आठवत असतो. बायकोला मारणारा हवालदार बाप घरात आहेच, म्हणजे हिंसा कुठून आली तेही दिसतं. खून करून वेलणकर स्वतःहून पोलिसांच्या हवाली होतो.

एन. चंद्रांच्या ‘अंकुश’मागे (१९८६) गिरणी संपानंतरची मुंबई आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि गिरणगावाचा कणाच मोडला. नाक्यावर बसलेल्या बेकार पोरांचे प्रसंग अजून ताजे वाटतात. दुबळी बाजू अशी, की बाईवरचा अत्याचार हे पोरांच्या पेटण्याचं निमित्त होऊन बसतं. तरीही शेवटी चौघे फासावर जातात. हिशोब चुकता करायचं धाडस चंद्रांनी दाखवलं. निशिकांत कामतांच्या ‘डोंबिवली फास्ट’मध्ये (२००५) एकच मोठा गुन्हेगार नाही. छापील किमतीवर जादा पैसे मागणाऱ्या दुकानदारासारख्या क्षुल्लक गोष्टी साचतात आणि बँकेतला माधव आपटे बॅट उचलतो. ‘फॉलिंग डाउन’ची (१९९३) छाया स्पष्ट असली, तरी लोकलच्या वेळापत्रकावर बेतलेलं आयुष्य अस्सल इथलं आहे.

‘अ वेन्स्डे’ची (२००८) गोष्ट याहून अडचणीची. त्यातला ‘सामान्य माणूस’ २००६ च्या लोकल स्फोटांचा हवाला देऊन अतिरेक्यांना उडवतो आणि पोलीस आयुक्त त्याला जाऊ देतो. सारा डोलारा एकाच गृहीतावर उभा आहे: पोलिसांच्या ताब्यातला माणूस दोषीच असणार. प्रत्यक्षात त्या स्फोटांच्या खटल्यात २०१५ मध्ये शिक्षा झालेल्या सर्व १२ जणांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्दोष ठरवलं. हा निकाल इतरत्र दाखला म्हणून वापरायला सर्वोच्च न्यायालयाने लगेच मनाई केली. चित्रपटातली पात्रं काल्पनिक आहेत, पण ज्या खात्रीवर २००८ मध्ये टाळ्या पडल्या, ती खात्री आता धरता येत नाही.