शेक्सपिअर वाचला कसा

विल्यम शेक्सपिअर २३ एप्रिल १६१६ रोजी स्ट्रॅटफर्डला वारला, तेव्हा त्याची जवळजवळ निम्मी नाटकं छापलेलीच नव्हती. 'मॅकबेथ' नव्हतं, 'ज्युलियस सीझर' नव्हतं, 'ट्वेल्फ्थ नाइट' नव्हतं, 'टेम्पेस्ट' नव्हतं. महिनाभर आधी त्याने मृत्युपत्रावर सह्या केल्या होत्या. त्यात घरदार आहे, जमीनजुमला आहे, धाकट्या मुलीसाठी मुलामा दिलेलं चांदीचं भांडं आहे आणि ज्यावर आजवर चिक्कार शाई खर्ची पडली तो बायकोला ठेवलेला 'दोन नंबरचा चांगला पलंग'ही आहे. नाटकांचा मात्र अवाक्षरानेही उल्लेख नाही.

यात गूढ असं काही नाही. नाटकं त्याच्या मालकीची नव्हती, नाटक मंडळीच्या मालकीची होती. शेक्सपिअरच्या नावाभोवती इतकी आरती ओवाळली गेली आहे, की तो मुळात धंद्यातला माणूस होता हे विसरायला होतं. त्याचं लेखन टिकलं तेही त्याच्या धंद्यातल्या भागीदारांमुळे.

बाप जॉन हा स्ट्रॅटफर्डमधला हातमोजे करणारा कारागीर. गावच्या दप्तरात त्याचं नाव पहिल्यांदा येतं ते १५५२ मध्ये, हेन्ली स्ट्रीटवर शेणकचऱ्याचा ढीग घातला म्हणून झालेल्या एक शिलिंग दंडाच्या नोंदीत. पुढे सोळा वर्षांनी हाच गृहस्थ गावाचा बेलिफ, म्हणजे आपल्या भाषेत नगराध्यक्ष झाला. मुलाचा बाप्तिस्मा २६ एप्रिल १५६४ चा. त्याच उन्हाळ्यात गावात प्लेगची साथ आली. तान्हं पोर त्यातून जगलं हीच मोठी गोष्ट. अठराव्या वर्षी त्याने आपल्याहून आठ वर्षांनी मोठ्या अ‍ॅन हॅथवेशी लग्न केलं. घाई होती, कारण सहा महिन्यांनी मुलगी झाली. १५८५ मध्ये हॅम्नेट आणि ज्युडिथ ही जुळी. त्यानंतरची काही वर्षं त्याचा फारसा पत्ता लागत नाही. एकदम १५९२ मध्ये लंडनमध्ये नाव ऐकू येतं, तेही शिवीच्या रूपाने. रॉबर्ट ग्रीन या विद्यापीठात शिकलेल्या नाटककाराच्या नावाने निघालेल्या पुस्तिकेत त्याची संभावना 'आमच्या पिसांनी नटलेला उपटसुंभ कावळा' अशी केली आहे. नटाने नाटकं लिहायला घ्यावीत हे त्या सुशिक्षितांना खपलं नव्हतं.

त्या सुमारास लंडनमध्ये प्लेग पुन्हा उफाळला आणि नाटकगृहं दीर्घकाळ बंद राहिली. या सक्तीच्या रजेत शेक्सपिअरने दोन दीर्घ काव्यं लिहिली: 'व्हीनस अँड अडोनिस' आणि 'द रेप ऑफ ल्यूक्रीस'. १५९३ आणि १५९४ मध्ये ती छापली रिचर्ड फील्डने. हा मुद्रक स्ट्रॅटफर्डचाच, म्हणजे गाववाला. दोन्ही पुस्तकं सुबक आहेत आणि साउथॅम्प्टनच्या अर्लला केलेल्या अर्पणपत्रिकांखाली कवीचं नाव आहे. म्हणजे छापून यायची त्याला हौस नव्हती असं नाही. पण मान होता तो काव्याला. नाटक हा त्या काळी रोजचा माल.

१५९४ पासून तो लॉर्ड चेंबरलेनच्या मंडळीत होता. पगारी लेखक म्हणून नव्हे, तर भागीदार म्हणून. आपल्याकडच्या जुन्या नाटक मंडळ्या आठवल्या तर हा कारभार चटकन समजेल. भागीदार नटांनी भांडवल घालायचं, गल्ला वाटून घ्यायचा, बायकांची कामं पोरांनी करायची आणि नव्या नाटकाची वही जिवापाड जपायची. ती दुसऱ्या मंडळीच्या हाती लागली तर कमाई गेलीच. नटालासुद्धा सबंध नाटक मिळत नसे. मिळे ती फक्त त्याची नक्कल: स्वतःची वाक्यं आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याच्या भाषणातले शेवटचे दोनतीन शब्द. अशी एक नक्कल लंडनच्या डलिच कॉलेजात अजून आहे. ती एडवर्ड अ‍ॅलन या नटाची, रॉबर्ट ग्रीनच्याच 'ऑर्लँडो फ्युरिओसो' या नाटकातली. कागदाच्या पट्ट्या एकीखाली एक चिकटवून केलेली ती लांब गुंडाळी. दुसऱ्याचं भाषण किती लांबेल हे नटाला नकलेवरून कळायचं नाही, म्हणून कान टवकारून उभं राहावं लागे.

भागीदारीची गाठ पक्की झाली ती जागेच्या भांडणातून. शोरडिचमधलं 'द थिएटर' हे नाटकगृह मंडळीतला नट रिचर्ड बर्बेज याच्या बापाने, जेम्स बर्बेजने, १५७६ मध्ये भाडेपट्ट्याच्या जमिनीवर बांधलं होतं. पट्टा संपला आणि जमीनमालक जाइल्स अ‍ॅलन अडून बसला. बर्बेजचा पैसा ब्लॅकफ्रायर्समधल्या नव्या जागेत अडकला होता, तिथे शेजाऱ्यांनी तक्रार करून नाटकं होऊ दिली नव्हती. शेवटी १५९८ च्या डिसेंबरात मालक बाहेरगावी असल्याची संधी साधून बर्बेजच्या मुलांनी पीटर स्ट्रीट या सुताराला आणि माणसांना घेऊन सगळं नाटकगृहच उतरवलं. तेच लाकूड थेम्सच्या पलीकडे बँकसाइडला नेऊन त्यातून १५९९ मध्ये 'ग्लोब' उभं केलं. जमीन त्याची, पण वासे आमचे, असा त्यांचा युक्तिवाद होता. अ‍ॅलनने अर्थातच कोर्टात खेचलं. बांधायला रोकड कमी म्हणून बर्बेज बंधूंनी निम्मी मालकी स्वतःकडे ठेवून उरलेली निम्मी पाच नटांना दिली. त्या पाचांत शेक्सपिअर होता आणि जॉन हेमिंजही होता. स्वतःच्या मंडळीच्या नाटकगृहात लेखकाचा दहावा हिस्सा, ही इंग्लंडात नवीच गोष्ट होती. समोर उभं राहून बघणाऱ्या प्रेक्षकाकडून एक पेनी, गॅलरीत बसायचं तर आणखी.

त्यातून पैसा आला. ग्लोबच्या आधीच, १५९७ मध्ये त्याने स्ट्रॅटफर्डमधलं 'न्यू प्लेस' हे मोठं घर घेतलं होतं. १६०२ मध्ये ३२० पौंडांना १०७ एकर जमीन घेतली, १६०५ मध्ये ४४० पौंडांना गावच्या धर्मपट्टीच्या उत्पन्नात हिस्सा. उपाशी कवीची कथा ज्यांना हवी असते त्यांची इथे निराशा होते. पण याच वर्षांत, १५९६ च्या ऑगस्टमध्ये, अकरा वर्षांचा हॅम्नेट गेला होता. 'हॅम्लेट' त्यानंतर चारपाच वर्षांनी आलं. नावांच्या साम्यावरून टीकाकारांनी इमले रचले आहेत. मला त्यात फार शिरावंसं वाटत नाही, कारण हॅम्लेटची गोष्ट त्याच्या आधीपासून रंगभूमीवर होती.

नाटकं जपली तरी फुटायचीच. १६०३ मध्ये 'हॅम्लेट'ची एक चोपडी बाजारात आली. त्यातलं ते प्रसिद्ध स्वगत साधारण असं सुरू होतं: जगावं की मरावं, हं, तोच तर मुद्दा. कुणी आठवून आठवून लिहून काढल्यासारखा मजकूर. पुढल्याच वर्षी जवळजवळ दुप्पट लांबीची बरी आवृत्ती निघाली. निम्म्या नाटकांच्या नशिबी निदान अशा चोपड्या तरी होत्या. बाकीच्यांची फक्त मंडळीजवळची हस्तलिखितं. २९ जून १६१३ रोजी 'हेन्री आठवा'च्या प्रयोगात तोफ उडवली, ठिणगी गवताच्या छपराला लागली आणि ग्लोब तासाभरात खाक झालं. एका माणसाच्या चोळण्याने पेट घेतला तो बिअर ओतून विझवला, एवढीच काय ती दुखापत. नाटकांच्या वह्या त्यातून बचावल्या.

मृत्युपत्रात नाटकं नसली तरी मंडळी आहे. रिचर्ड बर्बेज, जॉन हेमिंज आणि हेन्री कॉन्डेल या तिघांना आठवणीची अंगठी घेण्यासाठी प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स ठेवले आहेत. बर्बेज १६१९ मध्ये गेला. उरलेल्या दोघांनी १६२३ मध्ये फर्स्ट फोलिओ काढला. मोठ्या आकाराचा, ९०० हून अधिक पानांचा ग्रंथ, ३६ नाटकं, त्यांतली १८ पूर्वी कधीच न छापलेली. नाटककार बेन जॉन्सनने सात वर्षांपूर्वी स्वतःची नाटकं अशीच थाटात छापली तेव्हा लोक हसले होते, नाटकाला कोणी ग्रंथ म्हणतं का म्हणून. यातली गंमत मुद्रकाची. विल्यम जॅगर्डने १५९९ मध्ये इतरांच्या कविता घुसडून शेक्सपिअरच्या नावाने एक संग्रह खपवला होता, आणि १६१९ मध्ये खोटी सालं घालून नाटकांच्या चोपड्याही छापल्या होत्या. फोलिओच्या वेळी तो आंधळा झाला होता आणि ग्रंथ पुरा व्हायच्या सुमारास वारला. काम मुलगा आयझॅकने तडीस नेलं. प्रस्तावनेत हेमिंज आणि कॉन्डेल वाचकाला सांगतात: काय टीका करायची ती करा, पण आधी विकत घ्या. मुरलेल्या नाटकवाल्यांचंच वाक्य! हा ग्रंथ निघाला नसता तर 'मॅकबेथ' आज बहुधा नावापुरतंच उरलं असतं, त्याच्या हरवलेल्या 'कार्डेनिओ'सारखं.

ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाकडे एक प्रत छपाईनंतर लगेच आली. ती बांधून साखळीने कपाटाला जखडली होती. तिसरी आवृत्ती आल्यावर जुनी कशाला, म्हणून काढून टाकली. १९०५ मध्ये एक विद्यार्थी घरातलं जुनं पुस्तक दाखवायला घेऊन आला, ते नेमकं हेच निघालं. वर्गणी काढून ३,००० पौंडांना परत घ्यावं लागलं, कारण अमेरिकेतला हेन्री फोल्जर त्यावर टपला होता. (फोल्जरने पुढे ८२ प्रती जमवल्या. त्या वॉशिंग्टनमध्ये आहेत.) या प्रतीत सगळ्यात झिजलं आहे ते 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधल्या सज्जाच्या प्रवेशासमोरचं पान. सतराव्या शतकातल्या विद्यार्थ्यांचे कोपर तिथे टेकत असत.

छापील नाटक सुखरूप राहिलं, तरी रंगभूमीने त्याचे हाल केले. नाटककार नेहम टेटने १६८१ मध्ये 'किंग लिअर'चा शेवट गोड करून टाकला. लिअर जगतो, त्याच्या धाकट्या मुलीचं, कॉर्डेलियाचं, एडगरशी लग्न लागतं. इंग्लंडने जवळजवळ दीडशे वर्षं हेच 'लिअर' पाहिलं. शेक्सपिअरचं मूळ 'लिअर' मॅक्रेडी या नटाने १८३८ मध्ये परत आणलं. दरम्यान भक्ती वाढत होती. 'न्यू प्लेस'च्या पुढल्या मालकाने, पाद्री गॅस्ट्रेलने, बघ्यांना वैतागून आधी शेक्सपिअरने लावल्याचं सांगितलं जाणारं तुतीचं झाड तोडलं आणि १७५९ मध्ये घरच पाडलं. दहा वर्षांनी डेव्हिड गॅरिक या नटाने स्ट्रॅटफर्डला तीन दिवसांचा उत्सव मांडला. पावसाने धुऊन काढलेल्या त्या उत्सवात शेक्सपिअरचं एकही नाटक झालं नाही.

मराठीत तो आला इंग्रजी शिक्षणाबरोबर. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं 'ऑथेल्लो' १८६७ चं. कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यामुळे १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात असताना आगरकरांनी 'हॅम्लेट'चं भाषांतर केलं, तेच 'विकारविलसित'. भाषा जड आहे, पण शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोश्यांनी त्यातला चंद्रसेन असा उभा केला, की एलिझाबेथचं नावही न ऐकलेल्या माणसाला हॅम्लेट ठाऊक झाला. देवलांच्या 'झुंझारराव'ने ऑथेल्लोला मराठी पागोटं घातलं. पुढे शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून 'राजमुकुट' केलं आणि १९७० मध्ये 'नटसम्राट' लिहिलं. विंदा करंदीकरांनी १९७४ मध्ये 'राजा लिअर' मुळाबरहुकूम दिलं, तरी लिअर म्हटल्यावर सर्वसामान्य मराठी माणसाला 'नटसम्राट'मधले गणपतराव बेलवलकरच आठवतात. टेटला कॉर्डेलियाचं मरण सोसलं नाही म्हणून त्याने तिला वाचवलं. शिरवाडकरांनी ती भूमिकाच ठेवली नाही. त्यांच्या म्हाताऱ्या नटाला एक मुलगा आणि एक मुलगी आहे, आणि त्याला जवळ करतो तो रस्त्यावरचा बूटपॉलिशवाला राजा.