मधुमेहाच्या अलीकडे: उपकेंद्रात नेमकं काय व्हायला हवं

जालन्याकडे मोसंबीच्या दिवसांत एक चूक सहज होते. माणूस मोसंबी सोलून, फोडी खाऊन उपकेंद्रात येतो. सिस्टर स्पिरिटच्या बोळ्यानं बोट पुसतात, टोचतात आणि मीटरवर दोनशेच्या वर आकडा येतो. संध्याकाळपर्यंत ‘त्याला शुगर निघाली’ हे गल्लीभर झालेलं असतं. प्रत्यक्षात रक्ताच्या थेंबात बोटावरचा फळाचा रस मिसळलेला असतो आणि नुसत्या स्पिरिटनं तो पुरता निघत नाही. साबणानं हात धुऊन, कोरडे करून बोटाच्या कडेला टोचलं की खरा आकडा येतो. पहिला थेंब पुसून दुसरा घ्यावा. बोट जोरात पिळलं तर पेशींमधलं पाणी उतरतं, म्हणून तेही टाळावं. मीटरच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली किंवा मे महिन्याच्या उन्हात तापली, तरी आकडे बिघडतात.

मधुमेह आणि हृदयविकार टाळण्याचं काम अशा मोजण्यापासून सुरू होतं. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताई घरी येऊन भरतात. त्यात वय, तंबाखू-दारू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, याचे गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली तर त्या माणसाला तपासणीला आधी आणायचं. यात दोन ठिकाणी गफलत होते. टेप परकराच्या नाडीवरून किंवा निऱ्यांवरून धरला की माप चुकतं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, अंगाला लागून, श्वास सोडल्यावर माप घ्यायचं. बाईला 80 आणि पुरुषाला 90 सेंटिमीटर ही मर्यादा. दुसरी गफलत प्रश्नातच असते. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की बाया सरळ नाही म्हणतात. ‘मिश्री लावता का?’ असं विचारलं तर खरं उत्तर मिळतं.

बीपीचंही तसंच. बाजाराच्या दिवशी चालत आलेल्या, अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू घेतलेल्या माणसाचं बीपी लगेच मोजू नये. पाच मिनिटं बसू द्यावं. पाठीला टेका, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला टेकवलेला, आणि बोलणं बंद. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी नसताना जास्त दिसतं. लोंबत्या हातानंही तसंच होतं. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजावं. वेगवेगळ्या दिवशीही 140/90 किंवा त्याहून जास्त आलं, तर मग बीपी आहे म्हणायचं.

रक्तातल्या साखरेचं निदान उपाशीपोटी 126 किंवा ग्लुकोज दिल्यावर दोन तासांनी 200 पासून पुढे धरतात. मात्र आमच्या मते खरं लक्ष लागतं ते मधल्या लोकांकडे: उपाशीपोटी 100 ते 125, दोन तासांनी 140 ते 199. यांना काही त्रास नसतो, गोळी नसते, म्हणून रजिस्टरमधून ते निसटतात. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं अशाच भारतीयांवर केलेला अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीसारखंच राहिलेल्यांपैकी तीन वर्षांत 55 टक्क्यांना मधुमेह झाला. आहार-व्यायाम सांभाळणाऱ्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. म्हणजे साधारण सहा-सात जणांमागे एकाचा टळला, तेही वजन फारसं न उतरता. म्हणून काटा हलला नाही तरी माणसाला ‘तुमचं काही खरं नाही’ असं कधीही म्हणू नये.

तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए1सी तपासणी सोयीची आहे, पण लोह कमी असलेल्या बाईत ती खोटी जास्त येऊ शकते. आपल्याकडे रक्त कमी असणं किती सर्रास आहे, हे सगळेच जाणतात. हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय त्या एका आकड्यावर निदान करू नये.

आता सल्ला. ‘गोड, तेलकट, खारट बंद’ हे ऐकून कुणी काही बदलत नाही. माप सांगावं लागतं. कपाला दोन चमचे साखर, दिवसाला पाच चहा, म्हणजे जवळपास 50 ग्रॅम साखर नुसत्या चहातून. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी केला तर महिन्याभरात जीभ सरावते. मीठ माणशी दिवसाला 5 ग्रॅम. चौघांच्या घरात एक किलोची पुडी निदान 50 दिवस पुरली पाहिजे. ठेचा, लोणचं, पापड धरून. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. करडईचं तेल चांगलंच, पण तेही मोजूनच, आणि तळून उरलेलं पुन्हा पुन्हा तापवू नये. ज्वारीची भाकरी आहे म्हणून चार खाल्ल्या तर साखर वाढणारच. एक भाकरी कमी करून वरण, मटकी, मेथी वाढवावी. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं. पेरणी-काढणीत अंग मोडून काम होतं, पण उन्हाळ्यात रान रिकामं असतं, तेव्हा हे चालणं ठरवूनच करावं लागतं.

हृदयाचा धोका एका आकड्यावर ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात वय, लिंग, धूम्रपान, वरचं बीपी आणि उंची-वजनाचं प्रमाण जुळवलं की पुढच्या दहा वर्षांतला धोका रंगात दिसतो. चाळिशीपुढच्या मधुमेहींना कोलेस्टेरॉल ठीक दिसलं तरी बहुतेकदा स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल उतरवणारी) गोळी लागते. उलट, हृदयविकार नसलेल्या माणसानं ‘रक्त पातळ राहावं’ म्हणून मनानंच ॲस्पिरिन सुरू करू नये. पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

गरोदरपण ही प्रतिबंधाची मोठी संधी असते, आणि ती फार वेळा हातची जाते. 75 ग्रॅम ग्लुकोज 300 मिली पाण्यात, पाच-दहा मिनिटांत प्यायचं. दोन तासांनी 140 किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासात उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी हीच तपासणी पुन्हा करायची असते, पण तोवर बाई माहेरी असते. तिथल्या आशाताईंना आधीच कळवलं तरच ती होते.

बीड, धाराशिव, परभणीत आणखी एक अडचण आहे. दसरा-दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत गावं अर्धी रिकामी होतात. उचल (आगाऊ मजुरी) घेतलेला माणूस उसाचा फड सोडून गोळ्या आणायला येणार नाही. म्हणून टोळ्या निघण्यापूर्वीच बीपी-शुगरवाल्यांची आणि मधल्या लोकांची यादी काढावी, तपासणी उरकावी आणि निदान दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या सोबत द्याव्यात. कार्डावर गोळीचं मूळ नाव, मात्रा आणि शेवटचे आकडे मराठीत ठळक लिहावेत, म्हणजे कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात तेच औषध मिळेल. फोन नंबर टोळीच्या मुकादमाचा नको, घरातल्या माणसाचा घ्यावा. आणि पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माणसं परतली की पहिल्याच आठवड्यात आशाताईंनी ती यादी घेऊन दारोदार जावं.