बॅगपाइपचा सराव आणि हातांवरचा ताण

बॅगपाइप शिकताना बोटे आखडतात, मनगट भरून येते, अंगठ्याच्या बुडाशी कळ येते. बहुतेक वेळा याचे कारण एकच असते: भोकातून हवा निसटेल या धास्तीने चँटर, म्हणजे बोटांची भोके असलेली नळी, आवळून धरलेला असतो. भोक बंद व्हायला जोर लागत नाही, बोट नेमक्या जागी टेकावे लागते.

आधी पकड तपासा. सगळी भोके बंद करून लो जी हा सर्वांत खालचा स्वर दहा सेकंद धरा आणि मग बोटे पाहा. भोकाची पुसट गोल खूण चालेल. खूण खोल आणि पांढरट असेल तर दाब जास्त आहे. तोच स्वर पुन्हा धरा आणि दाब हळूहळू कमी करा. एका क्षणी स्वर चिरकेल. त्याच्या किंचित अलीकडे थांबलात की तो तुमचा दाब. रोज सराव सुरू करताना एवढे आधी करा.

डावा हात वर, उजवा खाली. वरच्या हाताची बोटे टोकाच्या पेराच्या मांसल भागाने भोके झाकतात, खालच्या हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका मधल्या पेराने, करंगळी मात्र टोकाच्या पेराने. खालची बोटे सरळ पण सैल हवीत. ती टोकांवर उभी केली की करंगळी पोचत नाही आणि तिला ताणण्याच्या नादात मनगट मुडपते. उजव्या अंगठ्याकडे विशेष लक्ष द्या. त्याला झाकायला भोक नसते, म्हणून तोच चिमट्यासारखा दाबत राहतो. त्याचे काम फक्त मागून टेकू देण्याचे आहे.

प्रॅक्टिस चँटरचे, म्हणजे पिशवीशिवाय तोंडाने फुंकायच्या सरावाच्या चँटरचे, वजन हातांनी पेलू नका. टेबलासमोर ताठ बसा आणि चँटरचे खालचे टोक टेबलाच्या कडेवर किंवा गुडघ्यावर टेकवा. तळाचे तोंड मात्र बुजू देऊ नका.

बर्ल या अलंकारात करंगळी लागोपाठ दोनदा चालते, त्यामुळे ती लवकर थकते. मेट्रोनोम (ठेका देणारे यंत्र) संथ लावून पाच-सहा बर्ल वाजवा, हात खाली सोडा, मग पुढचे घ्या. पंधरा मिनिटे सराव, पाच मिनिटे विश्रांती हे प्रमाण सुरुवातीला पुरेसे आहे.

पिशवी असलेल्या पूर्ण पाइपवर आल्यावर दुखणे वाढले, तर दोष बोटांचा नसून हवेचा असू शकतो. पिशवी गळत असेल किंवा रीड (हवेने थरथरून सूर काढणारी पाती) फार कडक असेल, तर डावी कोपर जोर लावते आणि तो ताण दंडातून बोटांत उतरतो. फुंकनळी सोडून बाकीच्या सॉकेटांना, म्हणजे पिशवीतल्या नळ्या बसवायच्या खोबणींना, बुचे लावा, पिशवी टणक होईपर्यंत फुगवा आणि फुंकणे थांबवा. मिनिटभराने दाबून पाहा. मऊ पडली असेल तर शिवण, सॉकेटांची बांधणी आणि फुंकनळीची झडप तपासा. पिशवी ठीक असेल तर सतत एकच सूर धरणाऱ्या नळ्यांपैकी, म्हणजे ड्रोनपैकी, दोन बुचाने बंद करून एकाच टेनर (आखूड) ड्रोनवर सराव करा. लागणारी हवा बरीच कमी होते.

बोटांत मुंग्या आल्या किंवा बधिरपणा जाणवला तर त्याच क्षणी थांबा. विश्रांतीनंतरही तो टिकला तर डॉक्टरांना दाखवा. दुखऱ्या हाताने रेटून वाजवू नका.

रीड बदलायची असल्यास ती निवडायला जाताना आपला चँटर सोबत न्या. रीड त्याच चँटरवर बसवून, फुंकून पाहूनच निवडावी लागते.